ग्रेसी ॲलन

ग्रेसी ॲलन (जन्म : सॅन फ्रान्सिस्को, २६ जुलै १८९५; मृत्यू : लॉस एंजेलस, २७ ऑगस्ट १९६४) या अमेरिकन विनोदी अभिनेत्री होत्या. पती जॉर्ज बर्न्स यांच्यासह त्यांनी रंगमंच, रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर सादर केलेली नवरा-बायकोची लटकी भांडणे विशेष गाजली.

त्यांचे वडील नर्तक होते. ग्रेसी लहानपणी बहिणींबरोबर रंगमंचावर नाचगाणी करीत. १९२०च्या दशकाच्या आरंभी त्यांची बर्न्स यांच्याशी जोडी जमली. सुरुवातीला विनोदी वाक्ये बर्न्स यांच्या तोंडी असत आणि ग्रेसी केवळ प्रश्न विचारीत. परंतु प्रेक्षक हसत ते त्या प्रश्नांनाच. हे ध्यानात येताच बर्न्स यांनी भूमिकांची अदलाबदल केली. ७ जानेवारी १९२६ रोजी क्लीव्हलंड येथे दोघांचा विवाह झाला.

१९३२ पासून रेडिओवर ही जोडी लोकप्रिय झाली. मात्र लग्नाला अनेक वर्षे होऊन, दोन दत्तक मुले घरात असतानाही कार्यक्रमात त्यांचे अविवाहितांसारखे प्रेमचाळे चालू होते. श्रोते घटू लागले, तेव्हा आपल्या वयाला हे विनोद शोभत नाहीत हे बर्न्स यांनी ओळखले. १९४०च्या दशकाच्या आरंभी दोघे कार्यक्रमातही पती-पत्नी झाले आणि त्यांचा विनोद पुन्हा रंगला.

ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तीत शेजारचे मॉर्टन दांपत्य एकमेकांना उघड टोमणे मारी. ग्रेसी व जॉर्ज यांच्या वादाची जात निराळी होती. ग्रेसी शब्दाचा भलताच अर्थ धरीत आणि त्यावरून बिनतोड तर्क चालवीत. आपले काही चुकते आहे, अशी शंकाही त्यांना शिवत नसे. जॉर्ज सिगार ओढत शांतपणे एखादा प्रश्न विचारीत आणि अधिकच अडकत. वाद कोणी जिंकत नसे व कोणी रागावत नसे.

भोळसट भासणारी ही भूमिका प्रत्यक्षात अतिशय कष्टाची होती. संवादांचा बहुतेक भार ग्रेसी यांच्यावर असे, आणि परस्परांशी धड मेळ नसलेली ती वाक्ये पाठ करणे सोपे नव्हते. अर्धशिशी व हृदयविकाराने त्या त्रस्त होत्या. १९५८ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. त्याच सहकलाकारांना घेऊन बर्न्स यांनी काढलेली पुढची मालिका एका हंगामातच बंद पडली.

हृदयविकाराच्या झटक्याने ग्रेसी यांचे निधन झाले. बर्न्स १९९६ पर्यंत, वयाची शंभरी पूर्ण करून जगले. ग्लेनडेल येथील दफनभूमीत दोघांना एकत्र ठेवण्यात आले आहे.