न्यायमूर्ती रानडे

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. हे लोण आसपासच्या गावांतही पसरले. शेतकऱ्याला अक्षरओळख नसे. कागदावर काय लिहिले आहे हे न समजताच तो त्यावर नांगराची निशाणी करी. व्याजाचे पुन्हा मुद्दल होई, आणि न्यायालयात तो कागदच खरा ठरे.

त्या वेळी महादेव गोविंद रानडे पुण्यास दुय्यम न्यायाधीश होते. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे जन्मलेल्या या पुरुषाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुंबईस उच्च शिक्षण घेत असता त्यांनी इतके वाचले, की त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. पुण्यास येताच न्यायदानाबरोबर ते सार्वजनिक सभेच्या कार्यातही लक्ष घालू लागले. सरकारला हे रुचले नाही.

पुढे त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू असतानाच पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आग लागली. रानड्यांविषयीचा संशय बळावला आणि त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचे टपाल फोडून वाचले जाई. बंडवाल्यांच्या नावाने पत्रेही येत. रानडे ती निमूटपणे अधिकाऱ्यांकडे पाठवीत आणि आपल्या कामाला लागत. काही काळाने सरकारचा संशय फिटला.

त्याच वर्षी दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी नवा कायदा झाला होता. केवळ रोख्यावर विसंबून न राहता, मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती, हे न्यायाधीशाने पहिल्यापासून तपासावे, असे त्यात ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. १८८१ मध्ये या कायद्याखालील काम रानड्यांकडे आले. पुणे व सातारा जिल्ह्यांत तालुक्यातालुक्याला जाऊन ते न्यायालयांचे दप्तर तपासीत. अधू डोळ्यांच्या माणसाला हे काम किती जड गेले असेल! १८८७ मध्ये ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले. कर्ज काही नाहीसे झाले नाही. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. तरीही न्यायालयात शेतकऱ्याला आपली हकीकत सांगता येऊ लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग निवर्तले. त्यांच्या जागी मुंबईच्या उच्च न्यायालयात रानड्यांची नेमणूक झाली. ज्यांची पत्रे सरकारने चोरून वाचली, तेच आता सरकारच्या सर्वोच्च प्रांतिक न्यायासनावर बसले. १६ जानेवारी १९०१ रोजी, साठाव्या वर्षात पदार्पण करण्यास दोनच दिवस उरले असता, मुंबईत त्यांचे निधन झाले.