रेल्वेत एका अनोळखी गोऱ्यानं पुस्तक दिलं आणि मराठीला रेव्हरंड टिळक मिळाले

शाळेत आपण सगळ्यांनी ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता वाचली. ती लिहिणारे नारायण वामन टिळक जन्मानं चित्पावन ब्राह्मण, पण नावापुढे रेव्हरंड कसं काय लागलं?

तर १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात टिळकांचा जन्म झाला. नाशिकला संस्कृत शिकले, कविता करू लागले. पण वाढत्या वयात जुन्या धर्मावरचा त्यांचा विश्वास उडाला. जातिभेद त्यांना पटेना. आपणच एखादा नवा धर्म काढावा, इथपर्यंत विचार गेला.

१८९३ साली ते रेल्वेनं राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा भेटला. दोघांच्या कवितेवर, देवावर गप्पा झाल्या. उतरताना त्यानं बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांना काही ते खरं वाटलं नाही. पण वाचता वाचता येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि पुस्तक खाली ठेववेना.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत!

याची किंमत मोठी होती. नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांकडे राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तरी टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. हा सगळा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलाय.

अहमदनगरला मिशनचं काम करताना टिळकांना एक गोष्ट खटकायची. ख्रिस्त इथल्या लोकांपर्यंत साहेबाच्या वेशात पोचत होता. मग त्यांनी आपली वाट धरली, ती तुकोबांची. अभंग रचले, टाळ-मृदंगावर कीर्तनं केली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला.

१९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं दार उघडं होतं. श्रद्धा नसलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते स्वतः त्यातून गेले होते.

९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लहानपणी शाळेचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

आजही मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची गाणी म्हटली जातात.