आखाड्यात बेल्ट नव्हता

यवतमाळात काय अन् पुण्यात काय, पोट्टं पाच-सहा वर्षांचं झालं की कराटेचा क्लास लागतो. आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: ब्लॅक बेल्ट कधी? मला अशा वेळी खाशाबा जाधव आठवतात.

जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळचं गोळेश्वर गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांनी खाशाबांना पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरवलं. म्हणजे सुरुवात आजच्या पोरांइतकीच लवकर. पण तांबड्या मातीत ना बेल्ट, ना सर्टिफिकेट. जोर-बैठका काढायच्या, चितपट झालो की माती झटकून पुन्हा उभं राहायचं, बस्स.

१९४८ ला लंडन ऑलिंपिक. मातीत सतरा वर्षं मुरलेला हा पैलवान, तरी मॅट त्यांना नवीनच! सहावा क्रमांक आला. (आपली सतरा लेक्चरं सलग होत नाहीत, असो.) १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसेच नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण, मित्रांनो!

तिथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण नेलं जपानच्या शोहाची इशीईनं, तोही मूळचा ज्युदोवाला, बेल्टच्या जगातला. खाशाबांचं वय तेव्हा २६. पाचव्या वर्षापासून मोजा, एकवीस वर्षं झाली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.