हातवाऱ्यांचा सिनेमा

शाळेत असताना आमच्या शेळगावात गणपतीत पडद्यावर सिनेमा लावला होता. अर्ध्यातच स्पीकर बंद पडला. थोड्या शिट्ट्या झाल्या, पण उठलं कुणीच नाही. कोण रुसलंय, कोण खोटं बोलतंय, सगळं नुसत्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. पुढे कॉलेजात आल्यावर कळलं, की दादासाहेब फाळक्यांनी अख्खं घरदार याच भरवशावर पणाला लावलं होतं.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईला जे.जे.त चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी. गोध्र्याला स्टुडिओ टाकला, तर प्लेगनं बायको आणि मूल नेलं. नंतर जादूचे प्रयोग, छापखाना, भागीदारांशी भांडण. (आपण एक बॅक लागला तरी घरी फोन करत नाही!)

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. मग रोज सिनेमे, रात्री प्रयोग. डोळे इतके ताणले, की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा आणला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढंच नाही, रात्री जागून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं कामही त्या करायच्या.

आता गुंडाळीवर गोष्ट सांगणं काही नवं नव्हतं. चीनमध्ये दहाव्या शतकातल्या गू होंगझोंगच्या नावावर एक लांबलचक चित्रपट्टी आहे. हान शीझाई नावाच्या अधिकाऱ्याच्या घरची रात्रीची मैफल. पट्टी थोडी थोडी उलगडत जायची. तोच यजमान पुन्हा पुन्हा भेटतो, कुठे ढोल वाजवताना, कुठे हरवल्यासारखा बसलेला. शब्द नाहीत, पण माणूस कळतो. आपल्या पिंगुळीचे ठाकरसुद्धा चित्रकथीचा एकेक कागद पुढे धरतात, पण तिथे सोबत गाणं असतं. फाळक्यांच्या फिल्मवर मधूनमधून पाट्या, बाकी सगळी भिस्त मान, डोळे आणि हातांवर.

बायका काम करायला तयार नव्हत्या. म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले आणि घरचा भालचंद्र रोहिदास. सुमारे ३७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये लागला आणि धो धो चालला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! मला वाटतं, हातवारे पक्के असल्याशिवाय हे पचलंच नसतं.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पडदा बोलायला लागला आणि फाळक्यांचा काळ सरला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले.

परवा होस्टेलवर मी 'कालिया मर्दन' लावला, १९१९ चा. सुरुवातीलाच त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव करून दाखवते, मग तिचाच कृष्ण होतो. रूममेट पाच मिनिटं बघत राहिला. मग हेडफोन हातात घेऊन म्हणाला की याची वायर गेलेली दिसतेय.