फादर थॉमस स्टीफन्स : घरची बोली आणि ग्रंथाची भाषा

मराठी वाङ्मयेतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण बहुधा ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीस्तुतीच्या ओव्यांपुरते होते. त्या ओव्या देखण्या आहेतच. परंतु त्यांच्यामागे उभा असलेला साष्टीतील पाद्री त्यामुळे झाकला जातो. त्यांच्यापुढील प्रश्न केवळ भाषाप्रेमाचा नव्हता. ज्यांची देवळे पाडली गेली व ज्यांचे ग्रंथ हिरावले गेले, त्या नवख्रिस्ती समाजाशी चर्चने कोणत्या वाणीत बोलावे, हा तो प्रश्न होता.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक राहणे धोक्याचे झाले, तेव्हा ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले व १६१९ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. धर्मापायी मायदेश सोडावा लागलेला हा मनुष्य येथे मात्र राज्यकर्त्यांच्या धर्माचा प्रतिनिधी होता, हा विरोधाभास नजरेआड करून चालणार नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच येशूसंघीयांना ठार केले. त्याच वर्षी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले आहे.

या परिस्थितीत त्यांनी केलेली भाषांची विभागणी विशेष लक्षणीय वाटते. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण त्यांनी लोकांच्या घरच्या बोलीत, म्हणजे कोकणीत, लिहिले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. कोकणीचे त्यांचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे प्रसिद्ध झाले. ख्रिस्तचरित्रासाठी मात्र त्यांनी ग्रंथिक मराठी आणि ओवी स्वीकारली. कारण उघड आहे. साष्टीच्या श्रोत्यांना पुराण मराठीतच ऐकण्याची सवय होती. बोलीत समजुतीची सोय होती, पण पुराणाची प्रतिष्ठा मराठीला होती. केवळ कळेल असे बोलणे आणि आदराने ऐकले जाईल असे बोलणे यांतील अंतर त्यांनी ओळखले होते.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ‘पैले पुराण’ ३६ व ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरूंचे असून ओव्या सुमारे ११,००० आहेत. जुनी पुराणे काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस काय दिलेत, अशा आशयाची पृच्छा एक धर्मांतरित ब्राह्मण करतो आणि पाद्री-गुरू कथन आरंभितो. ही योजना नुसती प्रस्तावनेची क्लृप्ती मानता येत नाही. श्रोत्यांची तक्रार येथे ग्रंथाच्या दारातच नोंदली गेली आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्टीफन्स निःसंकोच वापरतात. परिचित शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही चर्चमध्ये शिरतो, ही जोखीम त्यांनी पत्करली.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांना माघार घ्यावी लागली. १६०८ मध्ये संघाच्या सर्वाधिकाऱ्यास पाठविलेल्या पत्रात त्यांनी देशी भाषेत व देशी लिपीत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा व्यक्त केली. युरोपातील २४ अक्षरांच्या जागी येथे सुमारे ६०० साचे लागतात, ही अडचणही सांगितली. अखेर ग्रंथ रोमन लिपीत निघाला. परिणामी घाटावरच्या मराठी वाचकाला तो जवळजवळ तीन शतके अपरिचित राहिला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये मात्र पोर्तुगीज सत्तेने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरीही हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तो त्यांच्याच आधारे. आणि तोही रोमन लिपीतच. देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ मध्ये.