सुन्न पावलांची काळजी वाहणारे मिस्त्री-डॉक्टर : पॉल ब्रँड

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे साऱ्या विदर्भाला परिचित आहे. सर्व धर्मांचे भाविक ही टेकडी चढून जातात. टेकडीवरचे लहान गोल दगडही प्रसिद्ध आहेत. अनवाणी पावलाखाली असा एखादा दगड आला की पाऊल आपोआप उचलले जाते. आपण त्याचा विचारही करीत नाही. ज्याच्या पावलातील संवेदनाच गेली आहे, तो मात्र त्याच दगडावर भार देऊन पुढे चालत राहतो आणि संध्याकाळी रक्त पाहूनच त्याला जखमेची वार्ता कळते. हा साधा फरक ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला आणि अशा पावलांसाठी व हातांसाठी जे अखेरपर्यंत राबले, त्या डॉ. पॉल ब्रँड यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

वर्धा जिल्ह्याचे कुष्ठसेवेशी नाते जुने आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी विनोबाजींच्या प्रेरणेने दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. गिरडच्या शेजारच्या तालुक्याचे गाव असलेल्या हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी बाबा आमटे यांचा जन्म झाला. त्याच वर्षी, १७ जुलै रोजी, तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात पॉल ब्रँड जन्मले. बाबांनी वरोऱ्याच्या माळरानावर आनंदवन उभे केले, तर ब्रँड यांनी वेल्लूरच्या रुग्णालयात आकसलेली बोटे सरळ केली. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण कुष्ठरुग्णाला भीक नको, काम हवे, या निष्कर्षावर दोघेही पोहोचले.

पॉल यांचे वडील जेसी ब्रँड आणि आई इव्हलिन हे प्रॉटेस्टंट मिशनरी होते. कोल्ली डोंगरातील गावांमध्ये ते सुवार्ता सांगत, औषधे देत, शाळा चालवीत आणि घरे बांधण्यास शिकवीत. वडिलांना बांधकामाचे ज्ञान होते. डोंगरातील झाडे, पक्षी आणि वारुळे दाखवून त्यांनी मुलाला सृष्टीकडे पाहण्याची दृष्टी दिली. वयाच्या नवव्या वर्षी, १९२३ साली, पॉलला शिक्षणासाठी बहिणीसह इंग्लंडला धाडण्यात आले. त्यानंतर पितापुत्रांची भेट कधीच झाली नाही. १९२९ साली जेसी ब्रँड तापाने निवर्तले. निधनाची तार आधी पोहोचली आणि बोटीने निघालेली वडिलांची पत्रे त्यानंतरही येत राहिली. पोरक्या झालेल्या त्या मुलाच्या मनावर या पत्रांचा खोल ठसा उमटला असावा, असे आम्हांस वाटते. आई इव्हलिन यांनी मात्र भारतातील सेवा सोडली नाही. उतारवयातही तट्टावर बसून त्या डोंगरातील वाड्यावस्त्यांवर फिरत राहिल्या आणि १९७४ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

शाळा संपल्यावर पॉल यांना डॉक्टर व्हावेसे वाटत नव्हते. रक्त आणि पू यांची त्यांना शिसारी येई. वडिलांसारखे मिशनरी व्हावे आणि त्यासाठी हाताचा धंदा शिकावा, असे त्यांनी ठरविले. सुमारे चार-पाच वर्षे त्यांनी सुतारकाम, गवंडीकाम आणि बांधकामातील इतर कसबे शिकून घेतली. पुढे मिशनरींसाठी असलेल्या एका वैद्यकीय अभ्यासक्रमात त्यांना आपला खरा कल उमगला आणि १९३७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते दाखल झाले. तेथेच सहाध्यायी मार्गारेट बेरी यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९४३ साली दोघांचा विवाह झाला. ते महायुद्धाचे दिवस होते. बाँबहल्ल्यांतील जखमी रुग्णालयात येत आणि तुटलेले, चिरडलेले हात दुरुस्त करण्याचा अनुभव तरुण शल्यविशारदास मिळत गेला. ज्या हाताने रंधा चालविला, त्याच हातात आता शस्त्रक्रियेची सुरी आली होती. नाझरेथच्या कार्यशाळेत घाम गाळणाऱ्या संत योसेफाला मानणाऱ्या आपल्या समाजाला या प्रवासाचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९४६ साली कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांच्या आग्रहाने ब्रँड वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी मार्गारेट लहानग्या मुलांना घेऊन त्यांच्यापाठोपाठ आल्या. कॉक्रन यांनी त्यांना चिंगलपटच्या कुष्ठधामात नेले. तेथे शेकडो माणसांची बोटे पक्ष्याच्या नखांप्रमाणे आत वळलेली होती. अशा हातांवर कोणीच शस्त्रक्रिया का करीत नाही, हा प्रश्न ब्रँड यांना पडला. कुष्ठरुग्णाचे मांसच सडके असते, शस्त्रक्रियेची जखम भरून येणार नाही, असा त्या काळी समज होता. ब्रँड यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि जोराने दाबावयास सांगितले. हात लुळा असेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या पकडीने त्यांनाच कळ आली. याचा अर्थ असा की, त्या हातातील काही स्नायू मेले होते, पण काही पूर्ण बलवान होते. जेथे बळ शिल्लक आहे, तेथून ते वळविता आले तर?

यातून पुढचे काम उभे राहिले. रोगजंतू ठरावीक ठिकाणच्या मज्जातंतूंनाच ग्रासतात आणि त्यामुळे ठरावीक स्नायूच लुळे पडतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने तपासले. मग निरोगी स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, सोडवून ती लुळ्या बोटांना जोडावयाची आणि रुग्णाने नव्या दोरीने जुने काम करण्यास शिकावयाचे, अशी पद्धत त्यांनी घडविली. जखमा भरून आल्या. सडक्या मांसाचा समज खोटा ठरला. वर्षानुवर्षे मिटलेले हात उघडू लागले, घास उचलू लागले.

येथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. बरे झालेले काही रुग्ण परत आले आणि त्यांनी तक्रार केली की, हात सरळ झाल्यामुळे आता भीकही मिळत नाही. रोगाचा डाग पाहून कोणी काम देत नव्हते आणि धडधाकट हात पाहून कोणी भीक घालीत नव्हते. हात दुरुस्त केला, पण माणूस दुरुस्त झाला नाही, हे ब्रँड यांनी ओळखले. १९५१ च्या सुमारास महाविद्यालयाच्या आवारात साध्या झोपड्यांचे नवजीवन केंद्र सुरू झाले. तेथे रुग्ण सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी बनवीत. तारुण्यात शिकलेली कारागिरी ब्रँड यांना येथे उपयोगी पडली. हत्यारांच्या मुठी सुन्न हाताला इजा न करणाऱ्या असाव्यात, यासाठी ते स्वतः लक्ष घालीत.

याच केंद्रात त्यांना सर्वांत मोठा धडा मिळाला. उपचाराने रोग थांबला होता, तरी रुग्णांची बोटे झिजतच होती. कारण शोधण्यासाठी त्यांनी प्रत्येक जखमेचा माग काढला. गंजलेल्या कुलपात अडकलेली किल्ली एका मुलाने सहज फिरविली आणि त्याच्या बोटाचे मांस फाटले, तरी त्याला त्याची जाणीव नव्हती. कोणी तापलेले भांडे उघड्या हाताने उचलीत होता. काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडीत होते. त्यावर उपाय म्हणून झोपड्यांतून मांजरे पाळण्यात आली. रोगामुळे बोटे गळून पडतात, ही शतकानुशतकांची समजूत होती. बोटे जातात ती वेदना हरपल्यामुळे, हे या निरीक्षणांतून उघड झाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी आपले हातपाय नीट पाहण्याचा नेम रुग्णांना लावण्यात आला.

पावलांचा प्रश्न अधिक कठीण होता. बधिर तळव्याला एकाच जागी पुन्हा पुन्हा भार पडून व्रण होतो. निरोगी माणूस नकळत चाल बदलतो आणि दुखऱ्या भागाला विसावा देतो. बधिर पावलाला हे साधत नाही. ब्रँड यांनी व्रण झालेल्या पायाला प्लॅस्टर घालून भार सर्वत्र सारखा वाटला, तेव्हा जुने व्रण भरून आले. मग असे पादत्राण हवे होते, जे व्रण होऊच देणार नाही. त्यांनी पायाचे ठसे घेतले, लाकडी आणि कडक तळव्यांची पादत्राणे करून पाहिली, सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे प्रयोग केले. आपल्या आरोग्य केंद्रांतून कुष्ठरुग्णांना ज्या एमसीआर चपला दिल्या जातात, त्या याच प्रयत्नांच्या परंपरेतील आहेत. पाय कापण्याचा निर्णय ब्रँड अगदी शेवटचा मानीत. कारण कृत्रिम पायाच्या खोबणीत सुन्न खुंट घासला तर तेथेही व्रण होतो आणि रुग्णाला कळत नाही. देवाने दिलेला पाय, कितीही झिजलेला असला तरी, शक्य तोवर राखावा, हे त्यांचे धोरण होते.

या सेवेत मार्गारेट बरोबरीच्या भागीदार होत्या. नेत्रचिकित्सेचे शिक्षण त्यांनी प्रत्यक्ष कामातून घेतले. कुष्ठरोगात पापण्या मिटेनाशा होतात, डोळ्यांना कोरड पडते आणि हळूहळू अंधत्व येते. अशा असंख्य डोळ्यांचे त्यांनी रक्षण केले. पतीने हातपाय सांभाळावेत आणि पत्नीने डोळे, असा हा संसार होता. सहा मुलांचे संगोपनही त्याच घरात झाले.

संसाराची किंमत किती असते, हे ब्रँड यांना एका रात्रीने शिकविले. अमेरिकेचा दौरा आटोपून ते लंडनला पोहोचले होते, प्रकृती ठीक नव्हती. रात्री पायमोजा काढताना एका टाचेला स्पर्श कळत नसल्याचे त्यांच्या ध्यानी आले. टाचणी टोचली, तरी वेदना नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला, अशी त्यांची खात्री झाली. पत्नीला आणि मुलांना दुरावून राहावे लागेल, सहकाऱ्यांचे धैर्य खचेल, या विचारांत सारी रात्र गेली. पहाटे त्यांनी पुन्हा टाचणी टोचली आणि तीव्र कळ आली. गाडीत दीर्घ काळ बसल्याने एक मज्जातंतू दबला होता, एवढेच घडले होते. त्या कळेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. रुग्ण ज्या भीतीत आयुष्य काढतात, ती डॉक्टरने एक रात्र भोगली होती.

१९६० साली लास्कर पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १९६६ साली ते अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात रुजू झाले. तेथे १८९६ पासून संत विन्सेंट दी पॉल यांच्या संघाच्या कॅथलिक धर्मभगिनी रुग्णांची सेवा करीत होत्या. प्रॉटेस्टंट डॉक्टर आणि कॅथलिक धर्मभगिनी एकाच जखमेवर मलमपट्टी करीत राहिले. ख्रिस्तैक्याचा याहून बोलका पाठ आम्हांस सुचत नाही.

कारव्हिल येथे त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. कृत्रिम हात आणि पाय करता येतात, मग कृत्रिम वेदना का करता येऊ नये? हातमोजांत व पायमोजांत दाब मोजणारी साधने बसवून, भार वाढताच कानाशी आवाज होईल अशी योजना त्यांनी आखली. पण रुग्णाला हातातले काम पुरे करावयाचे असले की तो आवाजाकडे दुर्लक्ष करी. मग विजेचा धक्का देऊन पाहिला, तर रुग्ण यंत्रच बंद करी. अखेर प्रयोग थांबवावा लागला. जी वेदना आपल्या इच्छेने बंद करता येते, ती आपले रक्षण करीत नाही, हे त्यातून कळले. निष्णात कारागीर निर्मात्याच्या कारागिरीपुढे नम्र झाला. त्या अपयशातूनही लाभ झाला. सुन्न पावलांविषयीचे त्यांचे ज्ञान मधुमेहाच्या रुग्णांना उपयोगी पडले आणि पूर्ण पावलास बिलगणारे प्लॅस्टर मधुमेहातील व्रणांवरही वापरले जाऊ लागले.

१९८६ साली ते निवृत्त झाले आणि सिअ‍ॅटल येथे राहू लागले. पुढे आंतरराष्ट्रीय लेप्रसी मिशनचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. मार्गारेट २०१४ साली त्यांच्यामागोमाग गेल्या.

१९८० च्या दशकाच्या आरंभी कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार देशातील ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. हा रोग पूर्ण बरा होतो आणि औषध मोफत मिळते. तरीही अंगावरचा सुन्न चट्टा लपविण्याची प्रवृत्ती गेलेली नाही. मुलीचे लग्न मोडेल, शेजारी बोलतील, या भयाने घरे मौन धरतात, आणि त्या मौनात मज्जातंतू कायमचे मरतात. औषध जंतू मारते, पण उशीर झाल्यास गेलेली संवेदना परत आणू शकत नाही.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना हात पुढे करून स्पर्श केला, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. ब्रँड यांनी त्याच स्पर्शाने आपले कार्य आरंभिले. म्हणून प्रत्येक धर्मग्रामातील बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, जानेवारीच्या अखेरच्या रविवारी जागतिक कुष्ठरोग दिन पाळताना प्रार्थनेबरोबर एक कृतीही करावी. आपल्या घरातील वृद्धांचे, मधुमेह असलेल्यांचे आणि शेतात अनवाणी राबणाऱ्यांचे तळवे पाहावेत. चट्टा दिसला, तर त्या व्यक्तीचा हात धरून तिला आरोग्य केंद्रात न्यावे. देवाने दिलेली वेदना ही जशी शरीराची राखणदार आहे, तशीच दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव ही ख्रिस्तसभेची राखणदार आहे. ती जाणीव सुन्न होऊ न देणे, हेच डॉ. ब्रँड यांचे खरे स्मरण ठरेल.