खरखरीचे मूळ शोधणारे जॉन्सन

रेडिओवर केंद्र नीट लागलेले नसताना आवाज वाढवला की नुसती खरखर कानी येते. तिचा काही भाग बाहेरून आलेला असतो, तर काही खुद्द यंत्रातच जन्मलेला. या दुसऱ्या भागाचे मूळ उलगडणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन बर्ट्रंड जॉन्सन.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २ ऑक्टोबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. १९०४ मध्ये ते अमेरिकेत आले. नॉर्थ डाकोटा विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. १९२५ मध्ये तिच्या संशोधन विभागातून बेल प्रयोगशाळा उभी राहिली.

क्षीण विद्युतसंदेश व्हॉल्व्हच्या साह्याने वाढवताना खरखरही वाढत असे. दोष केवळ व्हॉल्व्हचा नाही, हे जॉन्सन यांनी दाखवून दिले. वर्धकाला जोडलेला साधा रेझिस्टरही खरखर निर्माण करीत होता. तो कार्बनचा असो, धातूचा असो वा क्षारांच्या द्रावणाचा, फरक पडत नव्हता. रोध आणि तापमान या दोनच गोष्टींवर तिचे प्रमाण ठरत होते. उष्णतेमुळे पदार्थातील विद्युतभारांची चाललेली अखंड धावपळ हे तिचे कारण होते. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याला सैद्धांतिक आधार दिला. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले.

कितीही कुशल कारागिराला ही खरखर पूर्णपणे घालवता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र ती कमी कशी करावी, हेही त्याच सूत्राने शिकवले. रोध कमी ठेवावा, मापनाचा वारंवारता-पट्टा अरुंद करावा आणि मंडल थंड करावे. एक हजार ओहमचा रेझिस्टर २७ अंश सेल्सिअसला, दहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ०.४ मायक्रोव्होल्टची खरखर देतो. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर, ती जवळपास निम्मी होते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ३० महाकाय अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीतही ताऱ्यांचे क्षीण संदेश प्रथम वाढवणारा वर्धक कमीत कमी खरखरीचाच असावा लागतो.

१९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावरही जॉन्सन संशोधनात रमले. २७ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. ज्या खरखरीला अभियंते अडथळा मानत, तिच्यावरूनच त्यांनी बोल्ट्झमन स्थिरांक मोजला होता. २०१९ मध्ये तापमानाच्या केल्व्हिन या एककाची नवी व्याख्या झाली, तेव्हा हा स्थिरांक निश्चित करण्याच्या कामी याच खरखरीची अचूक मापनेही उपयोगी पडली.